घरातील व्यक्तीच्या पश्चात: वारस नोंद, बँक खाते आणि मृत्युपत्र

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत कागदाचा विषय मराठवाड्यात सहसा कोणी काढत नाही. मात्र मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून घ्यावीच, कारण त्या दाखल्यावाचून पुढचे प्रत्येक काम अडते.

शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. अर्जाला मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते सांगणारे शपथपत्र जोडावे. गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद झाल्यावर फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, घेतला जातो, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला म्हणजे सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस पडून वारसांची नावे लागतात.

येथे ‘सर्व वारस’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. आमच्या आजोबांच्या पश्चात थोरल्या काकांचे एकट्याचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागले आणि सासरी गेलेल्या तिन्ही आत्या कागदावर कुठेच उरल्या नाहीत. ही चूक आमच्याच घराची होती. हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात आई यांचा वाटा सारखा असतो, आणि म्हातारी आईच नेमकी विसरली जाते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना 2005 च्या दुरुस्तीने जन्मतः हक्क मिळाला आहे. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्रच करावे. कोऱ्या कागदावर तिचा अंगठा किंवा सही कधीही घेऊ नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निवाडा नव्हे, त्यामुळे हिश्श्याचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.

बँकेतील ठेवीची रक्कम नॉमिनीला मिळते, परंतु तो ती वारसांच्या वतीने स्वीकारतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खाली दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावे लागते. मयताच्या पीककर्जाची जबाबदारी वारसांवर मिळालेल्या मिळकतीपुरतीच येते, म्हणून नूतनीकरणाच्या कागदावर वाचल्याखेरीज सही करू नये.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नाही आणि मराठवाड्यातील मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, हेही सक्तीचे नाही. जुने कागद निजामकाळातील उर्दूत असतील, तर त्यांच्या प्रमाणित नकला व भाषांतर वर्दी देण्याआधीच करून ठेवावे.