द्वारका ते द्वारका : नाशिकहून दिल्लीला बिऱ्हाड हलवताना

नाशिकच्या द्वारका चौकातून उत्तरेकडे निघालेला मुंबई-आग्रा महामार्ग धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असे करत आग्र्याला पोहोचतो आणि तिथून पुढे दिल्ली गाठतो. हे अंतर बाराशे किलोमीटरांहून अधिक आहे. दिल्लीतही द्वारका नावाचे मोठे उपनगर आहे आणि योगायोगाने आमचे बिऱ्हाड तिथेच जाऊन उतरले. नाव तेवढे सारखे निघाले. नाशिकमध्ये आपली बहुतेक कामे ओळखीवर होतात: घर मित्राच्या मेहुण्याचे असते, टेम्पोवाला गल्लीतला असतो, शाळेच्या लिपिकाशी कोणाचा तरी परिचय निघतोच. दिल्लीत ही ओळख एका रात्रीत शून्यावर येते आणि तिची जागा लेखी कागदाने भरून काढावी लागते. पुढील पायऱ्या याच अनुभवातून आणि साधारण ज्या क्रमाने त्या कराव्यात त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी एकाने जावे, बिऱ्हाड मागून न्यावे

नोकरीचे पत्र हातात येताच सगळे सामान ट्रकमध्ये भरून निघणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ज्याची नोकरी आहे त्याने एकट्याने, दोन बॅगा घेऊन पुढे जावे, पेइंग गेस्ट म्हणून निदान तीन-चार आठवडे राहावे आणि घर नक्की झाल्यावरच कुटुंबाला बोलवावे. प्रवासाची अडचण नाही. नाशिक रोडला थांबणारी मुंबई-हजरत निजामुद्दीन राजधानी, तसेच मंगला आणि पंजाब मेल या गाड्या दिल्लीला नेतात, तर दक्षिणेकडून दौंडमार्गे येणाऱ्या आणखी काही गाड्या मनमाडला मिळतात.

मुहूर्त मात्र विचारपूर्वक निवडावा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडील गाड्या तासन्‌तास रखडतात, मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे हवा इतकी बिघडते की नव्या माणसाची पहिली आठवण खोकल्याचीच राहते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ सर्वांत सुसह्य असतो आणि तो शाळेच्या वेळापत्रकाशीही जुळतो.

‘दिल्ली’ म्हणजे नेमके कुठे, हे आधी ठरवावे

आपण दिल्ली हा शब्द फार सैलपणे वापरतो. नियुक्तिपत्रात दिल्ली लिहिलेले असते आणि कार्यालय प्रत्यक्षात गुरुग्राममध्ये, म्हणजे हरियाणात, किंवा नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात निघते. ही तीन वेगवेगळी शासने आहेत. त्यामुळे गाडीचा क्रमांक, विजेचे दर, मतदारयादी आणि शाळांचे प्रवेशनियम हे सारे आपण कोणत्या बाजूला राहतो यावर ठरते.

घराचा शोध भाड्यापासून सुरू करू नये, तो कार्यालयाजवळच्या मेट्रो स्थानकापासून सुरू करावा. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून दुपारी जेवायला घरी येणारी माणसे नाशिकमध्ये आजही आहेत. त्यांना ‘फक्त दीड तास लागतो’ या वाक्याचा अर्थ पहिल्या पंधरवड्यात कळतो. माझा सल्ला असा की एकाहून अधिक वेळा मेट्रो बदलावी लागेल असे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, आणि मार्गाची चाचणी रविवारी न करता कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी करावी. यलो आणि ब्लू या दोन मार्गिका राजीव चौकात एकमेकींना छेदतात. त्या स्थानकावर सायंकाळी साडेसहाला एकदा गाडी बदलून पाहिली की नकाशावरचे अंतर आणि खरे अंतर यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. महिलांसाठी पहिला डबा राखीव असतो, ही गोष्ट गर्दीत मोठ्या सोयीची ठरते.

घर पाहताना काय विचारावे

दिल्लीत आपल्याकडच्यासारख्या सोसायट्या आहेतच, पण जुन्या वसाहतींत ‘बिल्डर फ्लोअर’ हा प्रकार जास्त आढळतो. एका भूखंडावर तीन-चार मजले असतात, प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा असतो, आणि बहुधा घरमालक स्वतः त्यांपैकी एकावर राहत असतो. गच्चीवरच्या खोलीला ‘बरसाती’ म्हणतात. ती स्वस्त असते आणि मार्चमध्ये रमणीयही वाटते, मात्र जूनमध्ये तिथे भट्टीत राहिल्यासारखे होते. वरचा मजला शक्यतो टाळावा.

पाण्याचा प्रश्न नाशिककराला सुचत नाही, कारण गंगापूर धरणाच्या पाण्याने आपल्याला लाडावून ठेवले आहे. दिल्लीत तो पहिला प्रश्न असला पाहिजे: पाणी जल बोर्डाचे, म्हणजे सरकारी नळाचे, आहे की बोअरचे, दिवसातून किती वेळा येते, ते वर चढवण्याची मोटर कोण चालू करतो आणि टाकी स्वतंत्र आहे की सामाईक. बोअरचे पाणी अनेक भागांत जड असते. डाळ शिजायला वेळ लागतो, नळांवर पांढरे थर बसतात, आणि आरओ ही चैनीची वस्तू राहत नाही. विजेसाठी स्वतंत्र मीटर आहे की मालकाचा सबमीटर हे डोळ्यांनी पाहावे, आणि सबमीटर असल्यास प्रतियुनिट दर करारात लिहून घ्यावा. पार्किंगची जागा कोणती तेही लिहून घ्यावे, कारण दिल्लीतील शेजाऱ्यांची भांडणे बहुतेक पार्किंगवरून होतात.

करार साधारणपणे अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून दीर्घ मुदतीच्या कराराची नोंदणी करावी लागते. एक किंवा दोन महिन्यांची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि अर्ध्या ते एका महिन्याची दलाली धरली तर चार भाड्यांइतकी रक्कम हाताशी ठेवूनच घर पाहायला निघावे. भाडेकरूची पोलीस पडताळणी आवश्यक असते. घरमालक ती टाळत असेल तर आपणच आग्रह धरावा, कारण त्या कागदाची एक प्रत पुढे अनेक ठिकाणी कामी येते. भिंतीवरचे डाग, तुटकी कडी, गळका नळ यांची छायाचित्रे राहायला येण्याच्या दिवशीच काढून मालकाला पाठवून ठेवावीत, म्हणजे अनामत परत घेताना वाद होत नाही.

सामान : काय न्यावे, कसे न्यावे

लोखंडी कपाटे, दिवाण आणि जुना फ्रीज नेण्याचा मोह आवरावा. वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या जवळ जात असेल तर ती नाशिकमध्येच विकावी किंवा द्यावी. याउलट पोळपाट-लाटणे, बिड्याचा तवा, पुरणयंत्र आणि मोदकपात्र जरूर न्यावे, कारण या वस्तू तिकडच्या भांड्यांच्या दुकानात सहज सापडत नाहीत.

सामान नेणारी कंपनी निवडताना तीन लेखी अंदाजपत्रके घ्यावीत आणि त्या माणसाने घरी येऊन सामान पाहिल्याशिवाय एकही अंदाज मान्य करू नये. फोनवर सांगितलेला कमी दर वाटेत वाढतो, आणि तेव्हा आपले सगळे घर त्याच्या ट्रकमध्ये असते. ‘चेकनाक्याचा खर्च’ किंवा ‘जकात’ अशी रक्कम कोणी मागितली तर स्पष्ट नकार द्यावा: जकात राहिलेली नाही, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही (मालवाहतुकीचा जीएसटीखालचा ऑनलाइन परवाना) लागत नाही. सामानाची क्रमवार यादी दोन प्रतींत करून दोन्हींवर सही घ्यावी.

विम्याबाबत आमचेच उदाहरण सांगतो. कंपनीने ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून सामानाच्या घोषित किमतीवर टक्केवारी लावून पैसे घेतले आणि एक छापील कागद दिला. ट्रक नवव्या दिवशी आला, कपाटाच्या आरशाचे तीन तुकडे झाले होते, आणि तो कागद उलगडून पाहिल्यावर लक्षात आले की त्यावर ना विमा कंपनीचे नाव होते ना पॉलिसीचा क्रमांक. ती वाहतूकदाराची स्वतःचीच पावती होती. हा क्रमांक निघण्यापूर्वी मागावा आणि विमा कंपनीकडे तो खरा आहे का हे विचारावे. दागिने, मूळ कागदपत्रे आणि देव मात्र सोबतच न्यावेत.

नाशिक सोडण्यापूर्वीचे कागद

गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर ट्रकमध्ये टाकू नयेत. ते वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी आणि ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे, ज्याच्या आधारे दिल्लीत त्याच कंपनीच्या वितरकाकडे जोडणी मिळते. नव्या घरी नळाचा गॅस असेल तरीही व्हाउचर जपून ठेवावे.

मुलांच्या शाळेचे काम सर्वांत आधी सुरू करावे आणि ते सर्वांत शेवटी संपेल असे गृहीत धरावे. दिल्लीतील शाळांचे वर्ष एप्रिलच्या आरंभी सुरू होते, तर राज्य मंडळाच्या मुलाची इकडची परीक्षा तेव्हा कदाचित संपलेलीही नसते. नर्सरीचे अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यातच भरून घेतात आणि घर शाळेपासून किती जवळ आहे याला गुण असतात, म्हणजे पत्त्याचा पुरावा आधी लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवावी. दुसऱ्या राज्यातील, दुसऱ्या मंडळाची शाळा ती मागते, आणि दिल्लीहून नाशिकला त्या एका सहीसाठी यावे लागणे ही चेष्टा नव्हे. मूल नववीतून दहावीत किंवा अकरावीतून बारावीत जाणार असेल तर शक्यतो ते वर्ष नाशिकमध्येच पूर्ण करू द्यावे, कारण केंद्रीय मंडळ दहावी आणि बारावीत थेट प्रवेश सहजी देत नाही.

गाडीचा निर्णय भावनेने घेऊ नये. एमएच-१५ क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, नव्या ठिकाणी कर भरावा लागतो आणि इकडच्या उर्वरित कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. शिवाय हिवाळ्यात प्रदूषण ‘गंभीर’ पातळीला गेले की ‘ग्रॅप’ या टप्पेवार योजनेचा तिसरा टप्पा लागू होतो आणि बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल मोटारी (‘बीएस’ म्हणजे गाडीच्या धुरासाठीचे सरकारी मानक) रस्त्यावर आणता येत नाहीत. एप्रिल २०२० पूर्वी घेतलेली डिझेल मोटार बहुधा याच कक्षेत येते. ती नाशिकमध्येच विकावी हे बरे.

मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ आहे. त्याआधी भाडेकराराच्या आधारे आधारवरील पत्ता बदलून घ्यावा.

हवा आणि थंडी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आपल्याला थंडी माहीत आहे असे वाटते. दिल्लीची थंडी वेगळी असते, कारण ती दिवसाही जात नाही. धुक्यात सूर्य दिसतच नाही, भिंती आणि फरशा गार पडतात आणि घरे मात्र उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. आजीच्या गोधडीवर भागणार नाही; कापसाच्या रजया घ्याव्यात, आणि त्या ऑक्टोबरमध्येच घ्याव्यात. खोली ऊबदार ठेवण्यासाठी विजेचा ऑइल हीटर वापरावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे जीवघेणे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उत्तरेत दर हिवाळ्यात असे मृत्यू होतात.

हवेच्या निर्देशांकाची सवय करून घ्यावी: २०० च्या वर ‘वाईट’, ३०० च्या वर ‘अतिवाईट’, ४०० च्या वर ‘गंभीर’. तीनशेच्या वर सकाळचे फिरणे बंद ठेवावे, एन-९५ मास्क वापरावा, आणि शुद्धीकरण यंत्र एकच घेणे परवडत असेल तर ते दिवाणखान्यात न ठेवता झोपण्याच्या खोलीत ठेवावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बोली, पंचांग आणि मंडई

आपल्या हिंदीतली सर्वांत घातक चूक ‘तुम’ ही आहे. मराठीतल्या ‘तुम्ही’चा आदर हिंदीत ‘आप’मध्ये आहे. घरमालकाच्या वडिलांना ‘तुम कब आए’ असे विचारणारा नाशिककर नम्रपणेच बोलत असतो, पण समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. ‘शिक्षा विभाग’ या पाटीला घाबरू नये. तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण.

उत्तरेतील महिने पौर्णिमेला संपतात आणि आपले अमावास्येला, त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. पहिल्या वर्षी शेजारीण सोमवार धरते आणि आपल्या पंचांगात अजून आषाढच असतो, तेव्हा गोंधळून जाऊ नये. मराठी बोलण्याची ओढ अनावर झालीच तर पहाडगंजचे बृहन्महाराष्ट्र भवन आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचे महाराष्ट्र सदन आहे, आणि वडापावासाठी आयएनएजवळच्या दिल्ली हाटातला महाराष्ट्राचा गाळा.

मंडईसाठी मात्र शब्दांची एक चिठ्ठी पहिल्या आठवड्यातच स्वयंपाकघरात लावावी: दुधी म्हणजे घिया, दोडका म्हणजे तोरी, मटकी म्हणजे मोठ, चवळी म्हणजे लोबिया, तूरडाळ म्हणजे अरहर, उपवासाची भगर म्हणजे समा के चावल, आणि सुके खोबरे म्हणजे गोला. आमच्याकडे ही चिठ्ठी लागायला उशीर झाला. पहिल्या ऑक्टोबरात मी गाडीवाल्याकडे मोठ्या अपेक्षेने एक किलो सीताफळ मागितले आणि त्याने सुरी काढून लाल भोपळ्याची जाडजूड फाक कापली. तिकडे लाल भोपळ्यालाच सीताफल म्हणतात, आपले सीताफळ तिथे शरीफा होते. फाक तोलून झाली होती, म्हणून घेतली आणि त्या दिवशी घारगे केले.