महसूल तिकिटावरून जुन्या अमेरिकी छायाचित्राचा काळ कसा ठरवावा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातले, पुठ्ठ्यावर चिकटवलेले एखादे लहान छायाचित्र हाती आले की नजर साहजिकच चेहऱ्यावर आणि पोशाखावर खिळते. परंतु काळ ठरवायचा असेल तर ते आधी उलटून पाहावे. पाठीवर जॉर्ज वॉशिंग्टन यांची मुद्रा असलेले, टपाल तिकिटासारखे दिसणारे तिकीट आढळले, तर ते बहुधा टपालाचे नसून महसुलाचे असते. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी तेथील संघराज्य सरकारने ३० जून १८६४ च्या कायद्याने विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांवर कर बसवला. तो १ सप्टेंबर १८६४ पासून लागू झाला आणि १ ऑगस्ट १८६६ रोजी उठला. त्यामुळे खरे तिकीट असलेले छायाचित्र या तेवीस महिन्यांत विकले गेले असे धरता येते, आणि इतकी नेमकी कालमर्यादा पोशाखावरून किंवा केशरचनेवरून क्वचितच मिळते.

अडीच इंच रुंद व चार इंच उंच अशा साधारण आकाराच्या ‘कार्त द व्हिझित’, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या लहान कागदी छायाचित्रांवर तिकीट पुठ्ठ्याच्या मागे असते. टिनटाइप, म्हणजे पातळ लोखंडी पत्र्यावरचे छायाचित्र, कागदी पाकिटात असेल तर ते पाकिटाच्या पाठीवर शोधावे. पेटीत बसवलेल्या अँब्रोटाइप (काचेवरचे) व डगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे) चित्रांमध्ये ते पेटीच्या आत, चित्राच्या मागेही दडलेले असू शकते. मात्र काच सहज सुटत नसेल तर ती उचकटू नये.

तिकीट सापडल्यावर त्यावरील शब्दांमुळे गोंधळून जाऊ नये. छायाचित्रांसाठी वेगळे तिकीट कधी छापलेच गेले नाही, म्हणून छायाचित्रकार हाताशी असेल ते तिकीट लावत. त्यावर ‘बँक चेक’, ‘प्लेइंग कार्ड्स’, ‘एक्सप्रेस’ किंवा ‘टेलिग्राफ’ असे लिहिलेले असले तरी चित्राचा धनादेशाशी किंवा पत्त्यांशी काही संबंध जोडायचा नसतो. पाहायचे ते तिकिटाचे मूल्य, कारण कर विक्रीच्या किमतीनुसार ठरत असे. पंचवीस सेंटपर्यंतच्या चित्राला २ सेंट, त्यापुढे पन्नास सेंटपर्यंत ३ सेंट, पन्नास सेंट ते एक डॉलरपर्यंत ५ सेंट आणि त्यावर प्रत्येक डॉलरला किंवा त्याच्या अंशाला आणखी ५ सेंट, असा दर होता. दोन सेंटांचे तिकीट निळे किंवा नारिंगी, तीनचे हिरवे आणि पाचचे लाल असते. एका सेंटाचे एकच तिकीट असेल तर कालमर्यादा आणखी आवळता येते, कारण दहा सेंटांपर्यंतच्या स्वस्त चित्रांसाठी एक सेंटाचा दर मार्च १८६५ मध्ये आला. एका सेंटाची दोन तिकिटे शेजारी शेजारी असतील तर मात्र तो दोन सेंटांचाच कर समजावा.

यानंतर भिंग घेऊन तिकिटावरची शाई वाचावी. तिकीट पुन्हा वापरले जाऊ नये म्हणून छायाचित्रकाराने त्यावर आपली आद्याक्षरे आणि तारीख लिहून ते रद्द करावे, असा नियम होता. काहींनी तो काटेकोर पाळला, काहींनी शिक्का मारला, आणि बऱ्याच जणांनी नुसती फुली मारून काम उरकले. तारीख असेल तर ती अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी वाचावी. ‘१०/४/६४’ ही नोंद आपल्या सवयीने वाचली तर १० एप्रिल १८६४ होते, आणि तेव्हा हा कर लागूच नव्हता; ती ४ ऑक्टोबरची नोंद आहे. तारखेचे दोन्ही आकडे बारा किंवा त्याहून लहान असतील तेव्हा ही चूक फार सहज होते.

येथे सर्वांत महत्त्वाची सावधगिरी सांगायला हवी. तिकीट चित्र विकल्याचा काळ सांगते, टिपल्याचा नव्हे. छायाचित्रकार काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रती काढत, तसेच घरातल्या डगेरोटाइपचे पुन्हा छायाचित्र घेऊन कार्डावर चिकटवून देत. रणांगणावर मारल्या गेलेल्या मुलाचे चित्र त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबासाठी पुन्हा काढून घेतले गेले असेल, तर १८६५ ची तारीख आणि १८६२ मध्ये मरण पावलेला सैनिक यांत विसंगती उरत नाही. चेहऱ्याच्या छटा सपाट वाटणे, मूळ चौकटीची कडा दिसणे किंवा चित्र टाचून ठेवल्याच्या टाचण्यांच्या खुणा उमटणे, ही अशा प्रतीची लक्षणे होत.

तिकीट नंतर चिकटवलेले नाही ना, याचीही खात्री करावी. रद्द करण्याची रेघ तिकिटावरून पुठ्ठ्यावर सलग उतरली असेल तर विश्वास वाढतो. तिकिटाच्या कडेवरच ती नेमकी तुटली असेल तर शंका घ्यावी. पुठ्ठ्याचे कोपरे गोलाकार असतील तर ती पद्धत साधारणपणे १८७० नंतरची आहे, त्यामुळे अशा कार्डावरील तिकीट मला तरी पटत नाही. मोठ्या आकाराची ‘कॅबिनेट कार्ड’ छायाचित्रे अमेरिकेत कर उठल्यानंतरच रुळली, म्हणून तोच निकष त्यांनाही लागू होतो. याउलट पाठीवर तिकिटाच्या आकाराचा फिकट चौकोन व डिंकाचा डाग दिसला, तर तिकीट गळून पडले किंवा तिकीटसंग्राहकाने काढून नेले असावे. तिकीट मुळातच नसले, तर तेवढ्यावरून चित्र या तेवीस महिन्यांबाहेरचे ठरत नाही, कारण कर चुकवणारेही होते.

पाठीवर स्टुडिओचे नाव छापलेले नसेल, तर आद्याक्षरे हाच छायाचित्रकाराचा एकमेव माग उरतो. ती त्या शहराच्या १८६४ ते १८६६ मधील व्यावसायिक निर्देशिकांशी ताडून पाहावीत. तसेच छायाचित्रकारांना व्यवसाय परवान्याची फी भरावी लागत असल्याने त्यांची नावे १८६२ पासूनच्या संघराज्य करयाद्यांतही येतात. या याद्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या असून वंशावळीच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रतिमा पाहता येतात. नाव छापलेले आहे, पण आद्याक्षरे त्याच्याशी जुळत नाहीत, असे झाले तर लगेच बनावट ठरवू नये. त्या स्टुडिओत काम करणाऱ्या सहायकाने किंवा व्यवसाय विकत घेतलेल्या नव्या मालकाने जुनीच कार्डे वापरून ते तिकीट रद्द केलेले असू शकते.