पोर्ट लुईस पायी बघायचंय? मग इथून सुरू करा

मॉरिशसला गेलात की सगळे बीचवर पळतात, पण एक सकाळ राजधानी पोर्ट लुईसला द्याच, आणि लवकर निघा कारण दहानंतर ऊन जाम लागतं. सुरुवात प्लास दार्म या चौकापासून, तिथे बंदराकडे तोंड करून माहे द ला बुर्दोनेचा पुतळा उभा आहे, हा फ्रेंच गव्हर्नर 1735 ला आला आणि यानेच इथलं बंदर उभं केलं, 1746 ला मद्रासही इंग्रजांकडून घेतलं, आणि मग फ्रान्समध्ये आरोप होऊन थेट बास्तीयच्या तुरुंगात! (शेवटी निर्दोष सुटला.) कौतुक करा, पण बांधकामं गुलामांच्या घामावर झाली हेही विसरू नका.

मग ताडांच्या रांगांमधून सरळ चालत गव्हर्नमेंट हाऊस बाहेरून बघा, बाजारात गरम ढोल पुरी खा, चण्याच्या डाळीचं सारण असल्याने आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच वाटते. तिथून आप्रवासी घाट जवळच, तो अजिबात चुकवू नका, एंट्री फ्री आहे, गिरमिटिया (म्हणजे करारावर आणलेले) मजूर इथल्याच दगडी पायऱ्या चढून बेटावर आले, त्यात आपली कोकणातली माणसंही होती. म्हणूनच मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, जमलं तर तेव्हाच मॉरिशसला जा, फक्त घाट सुट्टी सोडून दुसऱ्या दिवशी बघा.