सीता अशोकाची गुटी फसते कुठे? या चुका टाळा

आधी झाड नीट ओळखा राव. रस्त्याकडेला उंच सरळसोट उभा असतो तो आसुपालव, खोटा अशोक. आपल्याला हवाय केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा सीता अशोक. औषधासाठी साल सोलून सोलून जंगलातला बराच संपवलाय, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. बी फार दिवस टिकत नाही, म्हणून लोक गुटी कलमाकडे वळतात, म्हणजे झाडावरच फांदीची थोडी साल काढून तिथे ओलं मॉस (शेवाळ) प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं, आणि मुळं फुटली की फांदी कापून लावायची.

आणि गुटी फसली की सगळे मुळं फुटायला लावतात त्या हार्मोन पावडरला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा गडबड सालीतच असते. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंच-सव्वा इंच साल गोल काढली की पानांत तयार झालेलं अन्न खाली जायचं थांबतं आणि कापाच्या वरच्या कडेला साठतं, मुळं तिथूनच फुटतात. आता साल काढली पण आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून काढलाच नाही तर झाड काय करतं, तर गपचूप साल परत जोडून घेतं, आणि तुम्ही महिनोन् महिने पिशवीकडे बघत बसता. उलट खरवडताना चाकू लाकडात खोल घुसवला तर वरचा शेंडाच सुकतो, कारण पाणी त्या लाकडातूनच वर चढतं. हार्मोन पावडरसुद्धा (आयबीए) वरच्या कडेला लावा, खाली लावून काही उपयोग नाही.

मॉस भिजवून घट्ट पिळा, थेंब पडायला नको. कोकणातल्या पावसात तर वरची गाठ सैल राहिली की पाणी आत उतरतं आणि सगळं कुजतं. वरची गाठ जास्त आवळा. पिशवीवर थेट ऊन येत असेल तर बाहेरून काळं प्लास्टिक गुंडाळा.

दोन-चार पांढरी मुळं दिसली की कात्री घेऊन धावू नका!! मुळं भरपूर होऊन जरा तपकिरी व्हायला लागू देत. कापल्यावर निम्मी पानं काढा, प्लास्टिक सोडवा पण मॉसचा गोळा फोडू नका, आणि महिनाभर तरी सावलीत ठेवा.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. एकच छान फुलणारं झाड सापडतं आणि त्याच्यावरच सगळ्या गुट्या बांधल्या जातात. एक तर त्या झाडाचे हाल, वर ती सगळी रोपं म्हणजे तेच एक झाड, एखादा रोग आला तर सगळीच एकदम आजारी पडणार. बागेसाठी ठीक आहे, संवर्धनासाठी नाही. वेगवेगळ्या ठिकाणची जमतील तितकी झाडं निवडा, प्रत्येकावर थोड्याच गुट्या बांधा आणि प्रत्येक पिशवीला मातृवृक्षाचा नंबर लिहिलेला टॅग लावा, नाहीतर नर्सरीत गेल्यावर कुठलं कुणाचं काही कळत नाही. आणि हो, अभयारण्यातल्या झाडाला परवानगीशिवाय चाकू लावायचा नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या परसात झाड असेल तर आधी तिथे विचारा.