काचेसारख्या घट्ट बर्फासाठी टेलिमार्क स्की निवडताना या चुका टाळा

गोव्यातून दरवर्षी स्कीइंगला जाणारे माझ्या ओळखीत मोजकेच आहेत, आणि त्यांतही टाच मोकळी ठेवून, गुडघा वाकवून वळण घेण्याची नॉर्वेतील टेलिमार्क पद्धत शिकणारे आणखी कमी आहेत. साहित्य घेताना मात्र जवळजवळ सर्वांकडून एकच चूक होते. डोळ्यांसमोर गुलमर्गच्या गोंडोलातून, म्हणजे केबल कारमधून, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर पोहोचल्यावर दिसणारा अफरवटचा भुसभुशीत बर्फ असतो, आणि सुट्टीतले बहुतेक दिवस जातात ते उत्तराखंडमधल्या औलीच्या किंवा गुलमर्गच्याच खालच्या उतारांवर, जिथे दुपारच्या उन्हाने ओला झालेला बर्फ रात्री गोठतो आणि सकाळी त्यावर स्की टेकवली की स्टीलच्या ताटावरून चमचा ओढल्यासारखा आवाज येतो.

मीही पहिली जोडी घेतली ती कमरेपाशी, म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागात, १०८ मिलिमीटर रुंद आणि वजनाला अगदी हलकी. औलीच्या उतारावर पुढची स्की कशीबशी टिकायची. मागची मात्र वळणाच्या मध्यावर निसटून बाजूला जायची. तीन दिवस मी माझ्या पवित्र्यालाच दोष देत राहिलो. चौथ्या दिवशी एका प्रशिक्षकांनी त्यांची ८२ मिलिमीटरची जोडी दिली. माझ्या शिकण्यात एका रात्रीत काहीच फरक पडलेला नव्हता, तरीही तीच मागची स्की त्याच उतारावर धरून राहिली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की घट्ट बर्फासाठी स्की निवडायची ती मागच्या पायाचा विचार करून.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्कीची धार पावलाच्या मध्यरेषेपासून निम्म्या रुंदीइतकी दूर असते, म्हणजे ८० मिलिमीटरच्या स्कीत ४० आणि १०८ मिलिमीटरच्या स्कीत ५४ मिलिमीटर. बर्फ कठीण असला की धार आत रुतत नाही, त्यामुळे स्की कलती ठेवण्याचा सगळा ताण घोटा आणि गुडघा यांवर येतो, आणि रुंद स्कीत तो सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. आल्पाइन, म्हणजे नेहमीच्या स्कीइंगच्या पद्धतीत टाच बांधलेली असल्याने संपूर्ण बूट हा ताण पेलतो. टेलिमार्कमध्ये मागची टाच उचललेली असते, भार चवड्यावर असतो, आणि त्या अर्ध्या पावलाच्या आधाराने रुंद स्की कलती ठेवणे फार जड जाते. म्हणून मुख्यतः दाबलेल्या, घट्ट उतारांवर जाणार असाल तर कंबर साधारण ७५ ते ८८ मिलिमीटर असावी. एकाच जोडीत अफरवटही करायचे असेल तर ९५ पर्यंत जाता येईल, पण त्यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक याच्या अगदी उलट दिशेची आहे. रुंद स्कीने फसलेला माणूस पुढच्या वेळी शर्यतीची, अतिशय ताठ स्की उचलतो. आल्पाइन वळणात बाहेरच्या एका स्कीवर बहुतेक भार येतो आणि ती त्या भाराने कमानीसारखी वाकते. टेलिमार्कमध्ये भार दोन्ही स्कींवर जवळजवळ सारखा वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला कमी दाब येतो. ताठ स्की वाकतच नाही आणि सरळ पुढे निघून जाते. इथे दोन प्रकारच्या ताठपणात फरक करावा लागतो. लांबीच्या दिशेने स्की मध्यम लवचिक हवी, पण पिळ घालताना ती घट्ट राहिली पाहिजे. दुकानात स्कीचे शेपूट जमिनीवर टेकवून, टोक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मधला भाग दाबा, म्हणजे लांबीचा लवचिकपणा कळेल. नंतर पुढचा रुंद भाग दोन्ही हातांनी पकडून ओला कपडा पिळतो तसा पिळून पाहा. तो सहज वळत असेल तर गोठलेल्या बर्फावर नेमकी पुढचीच धार सुटेल.

वजनाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, चढाईसाठी बनवलेल्या अतिहलक्या स्की कठीण बर्फावर थरथरतात. लाकडी गाभा आणि शक्यतो धातूचा पातळ थर असलेली थोडी जड स्की घ्यावी; लिफ्टने वर जाणार असाल तर ते वजन तुम्हाला वाहायचेच नाही.

लांबी पाहताना लोक केवळ छापलेला आकडा वाचतात. ज्या स्कीची टोके मुळातच वर वळलेली असतात, म्हणजे जिला रॉकर असतो, तिची बर्फाला टेकणारी धार त्या आकड्यापेक्षा बरीच आखूड असते. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा, मध्यभागी घट्ट दाबा आणि टोकाकडून एक कागद खाली सरकवत न्या. कागद जिथे अडतो तिथून खरी धार सुरू होते. टोकापासून वीतभर अंतरातच कागद अडला तर स्की घट्ट बर्फाला योग्य समजावी. हातभर आत गेला तर ती भुसभुशीत बर्फासाठीची आहे.

स्की निसटते तेव्हा ती बदलण्याआधी धार तपासावी, हे मात्र बहुतेकांना सुचत नाही. बोथट विळी पिकलेला टोमॅटो चिरत नाही, चेपते. बोथट स्कीचे बर्फावर तेच होते. अंगठ्याच्या नखाची पाठ धारेवर आडवी ओढली तर पांढरा कीस निघायला हवा. नख नुसतेच घसरले तर धार लावून घ्या. बाजूचा कोन २ ते ३ अंश आणि तळाकडचा १ अंशापेक्षा जास्त नाही, असे स्पष्ट सांगा. टोक आणि शेपूट मुद्दाम बोथट करून घेण्याचा जुना सल्ला घट्ट बर्फावर पाळू नये.

बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या जोडाची, जुनी ७५ मिलिमीटरची पद्धत आणि २००७ साली आलेली एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) पद्धत यांचे बूट एकमेकांत बसत नाहीत, हे जोडी मागवण्याआधी पाहा. एनटीएन बुटाला पुढे बदकाच्या चोचीसारखी पट्टी नसते आणि बाइंडिंग त्याला तळव्याखालीही पकडते, त्यामुळे बाजूचा कल स्कीपर्यंत अधिक नेमका पोहोचतो. काचेसारख्या बर्फासाठी मी तीच सुचवीन. मागची स्की भरकटत असेल तर स्प्रिंग फार ढिली नाही ना, हेही पाहावे. बहुतेक टेलिमार्क बाइंडिंग पडल्यावर आल्पाइनसारखी प्रमाणित पद्धतीने बुटापासून सुटत नाहीत, हे धोक्याच्या दृष्टीने लक्षात असू द्या.

गोव्यात स्कीला बाइंडिंग बसवून देणारे दुकान माझ्या पाहण्यात नाही, म्हणून काही जण हे काम ओळखीच्या सुताराकडे नेतात. कारागीर कितीही चांगला असला तरी इथे नेहमीचा लाकडाचा ड्रिल चालत नाही. धातूचा थर असलेल्या स्कीला साधारणपणे ४.१ मिलिमीटरचे आणि नसलेल्या स्कीला ३.५ मिलिमीटरचे बिट लागते, भोक सुमारे ९ मिलिमीटर खोल असते, आणि अनेक स्कींवर हे माप छापलेलेच असते. टाच प्रत्येक वळणात वर उचलली जात असल्याने पुढचे स्क्रू सतत वर ओढले जातात. भोक सैल पडले की ते उपटून येतात. शक्य असेल तर जिथून स्की घेता तिथूनच बाइंडिंग बसवून आणावे, आणि बुटाची मध्यरेषा प्रथम उत्पादकाने दिलेल्या खुणेवरच ठेवावी.

शेवटची चूक आपल्या हवेची आहे. विमानातून आलेली ओली पिशवी घरी तशीच ठेवली तर गोव्याच्या दमट हवेत काही दिवसांतच धारेवर नारिंगी रेघ उमटते. माझ्या फोंड्याच्या घरात एका जुलैत, बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या जोडीच्या धारेवर बोट फिरवले तेव्हा ते मऊ लागण्याऐवजी खरखरीत लागले, आणि त्या खड्ड्यांमुळे धार पुन्हा घासताना बरेच पोलाद वाया गेले. आता मी आल्याबरोबर स्की कोरड्या कापडाने पुसतो, बुटांचे आतले अस्तर बाहेर काढून पंख्याखाली वाळवतो, तळावर वॅक्सचा जाड थर धारेवर उतरेल असा चढवतो आणि तो न खरवडता जोडी सुती चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता ठेवतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चादर सोडून पाहतो आणि कुठे डाग दिसला तर धार साफ करण्याच्या रबरी ठोकळ्याने तो लगेच घासून काढून त्या जागी पुन्हा वॅक्स लावतो.