मरणाची भीती वाटायलीय? आधी बघा नेमकी कशाची

मरणाची भीती सगळ्यांनाच असते, नाही म्हणणारा थापा मारायलाय असं समजा. पण ज्याला रात्री अडीचला जाग येते अन् "एक दिवस आपण नसणार" ह्या विचारानं जीव घाबरा होतो, त्याला "अरे सगळ्यांनाच जायचंय" सांगून काय फायदा, तो अजूनच हाय खातो. म्हणून जे खरंच कामाला येतं तेवढंच लिहितो.

आधी वही घ्या. नुसतं "भीती वाटते" लिहू नका, कशाची ते लिहा. दुखंल ह्याची? लेकरांचं कसं व्हईल ह्याची? अंथरुणाला खिळलो तर सुनेला हागणं-मुतणं काढावं लागंल ह्याची? का वर गेल्यावर हिशोब द्यावा लागंल ह्याची? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, अन् बऱ्याच जणांना लिहिल्यावरच कळतं की आपली भीती मरणाची कमी अन् मागं राहणाऱ्यांची जास्त आहे.

मग डोळ्यासमोर जे चित्र येतं ते कुठून आलं ते आठवा. आमच्याकडं मयताच्या घरी गरुडपुराण लावतात, लहानपणी ओट्यावर बसून ऐकलेली वैतरणी अन् उकळत्या तेलाची कढई पन्नाशीतही डोक्यातून जात नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, सगळे उन्हात ताटकळलेले, मग कुणीतरी पुढं होऊन हात जोडतं, "पोरीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नको". पण त्याच गावात दुसऱ्या गल्लीत जा. लिंगायतांच्यात माणसाला बसवून समाधी देतात, मुसलमानांच्यात सगळे कबरीवर माती द्यायला जातात, बौद्धांच्यात जलदान विधी असतो, कावळ्याचा विषयच नाही. एकाच गावात मरणाची इतकी चित्रं. श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही, फक्त जे चित्र घाबरवायलंय ते कुणीतरी आपल्याला दिलेलं आहे एवढं ध्यानात ठेवा, आणि त्याच श्रद्धेत धीर देणारं पण खूप आहे, ते कीर्तनात ऐका, ते का आठवत नाही मग?

रात्री अचानक धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही, आता मी जाणार असं वाटलं, तर तो बहुतेक वेळा पॅनिक अटॅक असतो. दहा मिनिटांत तो टोकाला जातो अन् नंतर आपोआप उतरतो. उठून बसा, पाय फरशीवर टेकवा, चार आकडे मोजत श्वास घ्या अन् सहा मोजत सोडा, सोडणं लांब पाहिजे. त्याच्याशी भांडू नका. पण पहिल्यांदाच होत असंल, छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं जायलं, घाम फुटला, तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा. ईसीजी एकदा नीट झाला अन् डॉक्टर ठीक म्हणाले की मग मात्र दर तासाला नाडी बघणं, ऑक्सिमीटर लावणं, गुगलवर लक्षणं शोधणं बंद. तपासलं की पाच मिनिटं बरं वाटतं अन् भीती दुप्पट होऊन येते, ही सवय सुटल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट आहे.

मागच्यांची काळजी असंल तर कागदं करा, ह्याच्याएवढी झोप कशानंच येत नाही. आपल्या म्हाताऱ्या हे कागदाशिवाय करायच्या, ट्रंकेच्या तळाला एक नवं लुगडं, पदराच्या गाठीत नोटा, "हे माझ्या मातीला, कुणापुढं हात पसरायचा नाही", अन् हे सांगताना शेंगा फोडायचं काम पण चालूच. तुम्ही मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. मुसलमानांना वाटणीचे नियम वेगळे आहेत, वकिलाला विचारा. बँकेत नॉमिनी टाका, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरात आधीच सांगून ठेवा नाहीतर भाऊ-भाऊ कोर्टात.

अजून एक, मातीला जाणं टाळू नका. भीतीपोटी टाळलं की भीती वाढते. आधी लांब उभे राहा, पुढच्या वेळी थोडं जवळ. अन् लेकरांना "आजोबा झोपलेत" अजिबात सांगू नका, ते लेकरू मग स्वतः झोपायला घाबरतं. मेले, आता परत येणार नाहीत, त्यांना दुखत नाही, असं सरळ सांगा.

काही भीती मात्र अशा वहीनं जात नाही. किल्लारीकडं ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे गणपती बोळवून झोपलेली माणसं भूकंपात माळवदाखाली गेली, जे वाचले त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पुढं छताखाली झोपच लागायची नाही. असं काही पाहिलं असंल, किंवा महिनाभर झोप-जेवण उडालं असंल, किंवा मरून जावं असंच वाटायलं असंल, तर टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर असतात, फक्त कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा, नाहीतर एसटीचं भाडं वाया.