एकाच गाडीच्या दोन नोंदी

धामणगावच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात गाड्यांच्या वेळा मी एक्सेलमध्ये ठेवतो. नवीन फाइल टाकली, तर विदर्भ एक्सप्रेसच्या दोन नोंदी: मंगळवारची रद्द, बुधवारची वेळेवर. ‘शेवटची नोंद खरी’ हा माझा नियम. एका काकांना भल्या पहाटे थंडीत फलाटावर बसवलं ना बाप्पा!

घोळ तारखेचा होता. गाडी मुंबईहून संध्याकाळी सुटते, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पोचते. एका नोंदीत सुटायची तारीख, दुसरीत आपल्या स्टेशनची. गाडी एकच!

आता गाडी क्रमांक (१२१०५), सुटायची तारीख आणि स्टेशन कोड, तिन्ही मिळून एकच ओळख. रद्दच्या नोंदीवर नेहमीचं वेळापत्रक चढूच देत नाही. तरी दोन नोंदींतल्या वेळा एकमेकींशी भांडल्याच, तर ओळ लाल होते. मग स्टेशनवर विचारून येतो.